पहाटेच्या गाडीवर बोटं आखडतायत? दोन स्वेटर चढवण्यापेक्षा माळ्यावरचा रेनकोट काढा

खेड : भातकापणी उरकली की पावसाळ्यातला रेनकोट धुऊन, वाळवून माळ्यावर जातो तो थेट मिरग जवळ आल्यावरच खाली येतो. घरोघरी हीच रीत आहे. पण डिसेंबर-जानेवारीत पहाटे गाडी काढणाऱ्या माणसाला त्याच रेनकोटाचा दोन स्वेटरांपेक्षा जास्त उपयोग होतो, हे फार थोड्यांच्या ध्यानात येतं.

खेड तालुक्यात पहाटे गाडीवर असणारे कमी नाहीत. लोटे एमआयडीसीत पहिल्या पाळीला जाणारे, रात्रपाळी संपवून घरी येणारे, दूध घालणारे, मच्छीवाले, पेपरवाले, पहिल्या गाडीसाठी पाहुण्याला स्टेशनवर सोडणारे, दापोलीला शिकायला किंवा कामाला जाणारे. सगळ्यांची तक्रार एकच. घरातून निघताना थंडी विशेष नसते, अंगात स्वेटर असतो, कानटोपी असते, आणि अर्ध्या तासाने गाडीवरून उतरलं की खिशातून चावी काढायलासुद्धा बोटं वळत नाहीत.

मग चहाच्या टपरीवर चर्चा होते की यंदा थंडी लय आहे. थंडी असतेच. दापोलीला मिनी महाबळेश्वर म्हणतात ते उगीच नाही, तिथला पारा काही रात्री १० अंशांच्या आसपास येतो. पण गाडीवर माणूस काकडतो तो नुसत्या थंडीने नाही. खरा चोर वारा आहे, आणि तो वारा बहुतेक वेळा आपणच तयार केलेला असतो.

वारा नेमकं काय करतो?

आपल्या अंगाभोवती गरम हवेचा एक पातळ थर कायम असतो. अंगाच्या उबेने तो तयार होतो. माणूस एका जागी उभा असेल तर तो थर टिकतो, म्हणून अंगणात १२-१३ अंशांतही साध्या सदऱ्यावर चूळ भरत उभं राहता येतं. गाडी ५०च्या स्पीडने निघाली की समोरून ५०च्या वेगाने हवा येते आणि तो थर उडवून नेते. शरीर पुन्हा थर तयार करतं, वारा पुन्हा नेतो. फुंकर मारून चहा निववतो तसाच हा प्रकार, फक्त इथे चहाच्या जागी आपण असतो.

कॅनडा आणि अमेरिकेच्या हवामान खात्यांनी २००१ साली यासाठी एक सूत्र ठरवलं. उघड्या तोंडाला वारा लागला तर किती थंडी जाणवते, याचं ते गणित आहे. त्या हिशेबाने हवेचं तापमान १० अंश असेल आणि वारा ताशी ५० किलोमीटरचा असेल तर ते ५-६ अंशांसारखं लागतं. म्हणजे गाडी हाणली की खेडच्या हवेत उत्तरेकडच्या थंडीचा अनुभव येतो. घरातला थर्मामीटर १०च दाखवणार, कारण त्याला ऊब गमवायची नसते.

याच सूत्रातली दुसरी गोष्ट जास्त कामाची आहे. ३०च्या वेगाला ते १० अंश साधारण साडेसहासारखे लागतात आणि ५०च्या वेगाला साडेपाचसारखे. फरक फक्त एका अंशाचा. मग हळू चालवून काय फायदा? उघड्या कातडीला फारसा नाही. कपड्यांना मात्र मोठा आहे. वाऱ्याचा दाब वेगाच्या दुपटीला चौपट होतो. ३०ला जो वारा स्वेटरच्या विणीवर अडून राहतो तो ६०ला चौपट जोराने आत घुसतो. स्वेटर स्वतः गरम नसतो, त्याच्या लोकरीत अडकलेली हवा गरम असते. ती हवाच बाहेर काढली गेली तर एक स्वेटर घाला की तीन, विणीची भोकं तीच.

घोंगडी वापरणाऱ्या जुन्या माणसांना हे शिकवायला लागत नव्हतं. धनगरवाड्यावरचा म्हातारा कांबळं पांघरून उघड्या सड्यावर उभा राहायचा तेव्हा वाऱ्याकडे पाठ करून उभा राहायचा. गाडीवर पाठ करून बसता येत नाही, एवढीच अडचण.

नदीकाठी जास्त का वाजते?

रोज जाणाऱ्यांना हे ठाऊक आहे. भोस्ते घाट उतरून भरणे नाक्याकडे यायला लागलं की अंगावर एकदम गार पट्टा येतो. जगबुडीच्या पुलावर तर कोणीतरी बादलीने थंडी ओतल्यासारखं होतं. एखादा पऱ्या ओलांडतानाही तेच. थोडा चढ चढला की पुन्हा बरं वाटतं.

याचं कारण असं की आकाश निरभ्र असलं की रात्री जमीन आपली उष्णता वर सोडून देते आणि गार पडते. तिच्यालगतची हवाही गार होते. गार हवा जड असते, त्यामुळे ती पाण्यासारखी उताराने खाली वाहते आणि खोलगट जागी, नदीच्या खोऱ्यात साचते. खेड शहर जगबुडीच्या खोऱ्यात वसलेलं आहे, तिन्ही बाजूंना डोंगर. सह्याद्रीच्या अंगाने खोपीकडून, रघुवीर घाटाकडून येणाऱ्यांना तर घाटाखालच्या वाड्यांपासूनच हा गारठा लागतो. त्यात नदीवरचं धुकं. धुक्यातून गाडी गेली की स्वेटर, हातमोजे ओलसर होतात, आणि ओलं कापड सुक्यापेक्षा कितीतरी जास्त ऊब खेचतं.

आणखी एक. सगळ्यात जास्त थंडी मध्यरात्री नसते, सूर्य उगवायच्या वेळी असते. जमीन रात्रभर गार होत जाते ती ऊन पडेपर्यंत. नेमकं त्याच वेळी पहिल्या पाळीवाले आणि दूधवाले रस्त्यावर असतात. अर्धा-पाऊण तास उशिरा निघता येणं ज्यांच्या हातात आहे त्यांनी तसं करावं. पाळीवाल्यांच्या हातात ते नाही.

(आंबेवाल्यांना मात्र ही थंडी हवी असते, मोहर तिच्यावरच येतो. त्यामुळे गावात थंडीला शिव्या घालताना जरा आजूबाजूला बघून घालाव्यात.)

बोटांचा प्रश्न जिवावरचा आहे

थंडीने कुडकुडणं हा त्रास आहे. बोटं बधिर होणं हा धोका आहे. बोटाच्या कातडीचं तापमान साधारण १५ अंशांखाली गेलं की बोटांची चपळाई कमी व्हायला लागते. आणखी खाली गेलं की स्पर्शच कळत नाही. ब्रेक किती दाबला, क्लच किती सोडला, हे माणूस बोटांनी ओळखतो. तेच कळेनासं झालं तर एकतर ब्रेक उशिरा लागतो, नाहीतर एकदम करकचून लागतो. पहाटे दंवाने रस्ता ओला असतो, त्यात करकचून ब्रेक म्हणजे गाडी घसरलीच.

४०च्या स्पीडला गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. आखडलेल्या बोटांनी ब्रेक अर्धा सेकंद उशिरा दाबला तर गाडी साडेपाच मीटर पुढे गेली. रस्त्यात आडवं आलेलं जनावर आणि आपण यांच्यात अनेकदा एवढंच अंतर असतं. त्यातही उजव्या हाताचे हाल जास्त. डावा हात क्लच सोडून क्षणभर मांडीखाली घालता येतो, उजव्याला रेस सोडता येत नाही आणि पुढचा ब्रेकही त्याच्याकडेच.

आता इथे एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. हात गार पडतात ते नुसते हाताला वारा लागल्यामुळे नाही. छाती आणि पोट गार पडायला लागलं की शरीर आतल्या अवयवांची ऊब राखायला बघतं आणि हातापायांच्या कातडीकडे जाणारं रक्त कमी करतं. भारनियमनात आधी वाड्यावस्तीची लाईट जाते, तसंच. म्हणून जाड हातमोजे घालूनही ज्यांची बोटं बधिर होतात त्यांनी आधी छाती बघावी. छातीवरचा वारा अडला की हातापर्यंत रक्त पोचतं. गळा, छाती आणि मनगटं ही तीन ठिकाणं बंद केली की निम्मं काम झालं.

रेनकोट, पेपर आणि फुंकर

तर आता रेनकोट. आत ऊब धरणारं कापड आणि बाहेर वारा अडवणारं कापड, हा क्रम पाहिजे. आत बनियन, त्यावर शर्ट, त्यावर एक साधा स्वेटर, आणि सगळ्यात वर रेनकोटाचं जाकीट. स्वेटर हवा धरून ठेवतो, रेनकोट ती हवा जाऊ देत नाही. विंडचीटर किंवा चांगलं जर्किन असेल तर तेच काम होतं. पण विंडचीटर विकत आणावं लागतं, रेनकोट कोकणात प्रत्येकाकडे आहे. शिवाय दुपारी इथे ऊन तापतं. सकाळी कुडकुडत गेलेला माणूस दुपारी घामाघूम होऊन परत येतो. रेनकोट घडी घालून डिकीत जातो, जाडजूड जर्किन मात्र दिवसभर हातावर वागवायला लागतं.

कुठलं कापड वारा अडवतं हे कळायला दुकानदाराला विचारायची गरज नाही. कापड तोंडाला लावून फुंकर मारायची. पलीकडे हाताला फुंकर लागली तर वाराही तसाच आत येणार. लोकरीच्या हातमोज्यांची हीच परीक्षा करून बघा, बहुतेक नापास होतील.

रेनकोट घालताना काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. त्यातून घाम बाहेर जात नाही, म्हणून थांबलं की चेन उघडावी. घामाने स्वेटर ओला झाला तर परतीला उलटा त्रास. रेनकोटाची पँट घालायची असेल तर सायलेन्सरपासून जपावं, प्लॅस्टिक चिकटून वितळतं आणि पायाला भाजतं. काळा रेनकोट धुक्यात मागच्या ट्रकवाल्याला दिसत नाही, पिवळा किंवा भगवा असेल तर बरा. काही जण जर्किन उलटं, म्हणजे चेन पाठीकडे करून घालतात. चेनच्या फटीतून वारा येऊ नये म्हणून. युक्ती चुकीची नाही, पण टोपी असलेलं जर्किन असं घातलं तर टोपी गळ्यापुढे फडफडते, ती आधी आत खोचावी किंवा काढून ठेवावी. आणि पडल्यावर मदतीला येणाऱ्याला ते कपडे सोडवता आले पाहिजेत, हेही डोक्यात असू द्यावं.

रेनकोट नसेल तर वर्तमानपत्र. स्वेटरच्या आत, शर्टावर, छाती ते पोट झाकेल असे तीन-चार कागद घडी करून घालायचे. ऐकायला गमतीचं वाटतं, पण फ्रान्समधल्या 'टूर द फ्रान्स' या जगप्रसिद्ध सायकल शर्यतीत डोंगर उतरताना सायकलस्वार रस्त्याकडेच्या लोकांकडून वर्तमानपत्रं घेऊन छातीत कोंबायचे, ते याच कारणासाठी. कागद वारा अडवतो, घाम थोडा शोषतो आणि पोचल्यावर काढून टाकता येतो. वाचायचा राहिला असेल तर वाचताही येतो.

हातमोजे घ्यायचे तर बाहेरून चामड्यासारखं किंवा रेक्झिनचं आणि आतून मऊ अस्तर असलेले घ्यावेत. लोकरीचेच असतील तर त्यांच्या आत पातळ प्लॅस्टिकचे मोजे घालावेत. प्लॅस्टिक आत, लोकर बाहेर. उलटं केलं तर रेसवर हात घसरतो. फार घट्ट मोजे नकोत, घट्ट मोज्यात रक्त फिरत नाही आणि हवेलाही जागा राहत नाही. हाच नियम पायाला. घट्ट बुटात दोन-दोन पायमोजे कोंबले तर पाय आणखी गार पडतात.

दिल्ली-पंजाबकडे थंडीत मोटरसायकलच्या दोन्ही मुठींवर जाड कापडाचे खोळ लावलेले दिसतात, हात त्यात घालूनच गाडी चालवतात. आपल्याकडे एवढी गरज नाही. त्यापेक्षा हँडलला पुढून लावायचं प्लॅस्टिकचं हँडगार्ड बरं. काही जण तेलाचा रिकामा कॅन मधोमध कापून घरीच बनवतात. करायचं तर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघावं, ब्रेक-क्लचची दांडी कुठे अडत नाही ना, वायर दाबली जात नाही ना, हे गाडी उभी असतानाच तपासावं. घाटाच्या वळणावर हे समजण्यात काही अर्थ नाही.

पाय आणि गुडघे यांचं कोणी बोलत नाही. स्कूटरला पुढे पत्रा असतो, त्यामुळे गुडघ्यांना वारा कमी. मोटरसायकलवर तो सरळ मांडीवर बसतो. वय झालेल्यांचे गुडघे उतरताना धरतात ते त्यामुळेही. रेनकोटाची पँट नको असेल तर मांडीवर, पँटच्या आत कागद चालतो. आणि चप्पल घालून पहाटे गाडी चालवू नये. मागचा ब्रेक आणि गिअर पायातच असतात.

हेल्मेट, मफलर, ओढणी

पूर्ण तोंड झाकणारं हेल्मेट म्हणजे आयती कानटोपी. पोलिसांसाठी घालत नसाल तर थंडीसाठी तरी घाला. काचेवर आतून वाफ धरते तेव्हा काच बोटभर उघडी ठेवावी. भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब आतून चोळून कोरड्या मऊ फडक्याने पुसून घेतला तर वाफ कमी धरते. चष्मेवाल्यांनी मफलर नाकावर घेतला की श्वास वर जाऊन चष्मा धुरकटतो, मफलर नाकाखाली ठेवावा. हेल्मेटच्या आत जाड कानटोपी घातली तर हेल्मेट डोक्यावर नीट बसत नाही, पातळ रुमाल पुरे.

मफलरची टोकं स्वेटरच्या आत खोचलेलीच पाहिजेत. मागे बसणाऱ्या बायामाणसं शाल पांघरून बसतात, ओढणी मोकळी सोडतात, साडीचा पदर वाऱ्यावर असतो. त्याचं टोक मागच्या चाकात किंवा चेनमध्ये गेलं की सेकंदाचाही वेळ मिळत नाही. शाल पांघरण्यापेक्षा स्वेटर, आणि शाल घ्यायचीच तर टोकं अंगाखाली दाबून बसावं.

पुढे बसवलेलं लेकरू

शाळेला किंवा दवाखान्यात जाताना लहान मुलाला टाकीवर पुढे बसवतात. बापाला वाटतं लेकरू हातांच्या मधे सुरक्षित आहे. वारा मात्र सगळा त्याच्याच छातीवर असतो. बापाला कमी थंडी वाजते, कारण पुढे मूल आडवं आहे. लहान शरीर मोठ्यापेक्षा लवकर गार पडतं आणि मूल सांगत नाही, ते गप्प होतं किंवा पेंगतं. त्याला झोप आली असं समजून लोक पुढे जात राहतात. मुलाला मागे, दोघांच्या मधे बसवावं, वरून वारा अडवणारं काहीतरी घालावं. ४ वर्षांखालच्या मुलाला गाडीवर न्यायचं तर हेल्मेट, चालवणाऱ्याला बांधून ठेवणारा पट्टा आणि ४०च्या आत वेग, असा केंद्र सरकारचा नियम आहे. तो २०२२ मध्ये काढला आणि २०२३ पासून लागू झाला.

पोटात काय, आणि काय नको

उपाशी पोटी थंडी जास्त वाजते, कारण ऊब अन्नातूनच तयार होते. निघण्याआधी गरम पेज, भाकरीचा तुकडा, काहीतरी पोटात असावं. चहाने तात्पुरतं बरं वाटतं.

बिडी-सिगारेटने ऊब येते हा समज खोटा आहे. तंबाखूमुळे बोटांकडे जाणाऱ्या नसा आवळतात, म्हणजे झुरका मारून निघालेल्याची बोटं आधी गार पडतात. दारूचं उलटं आणि जास्त वाईट. दारूने कातडीखालच्या नसा फुलतात, कातडीत रक्त येतं, म्हणून गरम वाटतं. प्रत्यक्षात आतली ऊब बाहेर येऊन वाऱ्यावर जात असते. अपघाताचा धोका आणि कायद्याचा बडगा वेगळाच, १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की गुन्हा आहे.

मधुमेह असलेल्यांची बोटं आधीच कमी संवेदनशील असतात, त्यांना बधिरपणा उशिरा कळतो. थंडीत ज्यांची बोटं पांढरी किंवा निळी पडतात आणि बराच वेळ तशीच राहतात, त्यांनी एकदा डॉक्टरला दाखवावं. दम्याच्या माणसाने नाकातोंडावर रुमाल घेऊनच निघावं.

थांबायचं कधी?

एक सोपी परीक्षा आहे. गाडी बाजूला घेऊन उभी करायची आणि अंगठ्याचं टोक त्याच हाताच्या करंगळीच्या टोकाला लावून बघायचं. लागत नसेल, किंवा लागलं तरी कळत नसेल, तर त्या हाताने ब्रेकवर भरवसा ठेवता येणार नाही. तशी गाडी पुढे न्यायची नाही. दात वाजणं थांबत नसेल, किंवा डोकं जड होऊन काही सुचेनासं झालं असेल, तरी हेच. रात्रपाळी करून येणाऱ्यांना थंडी आणि झोप एकत्र गाठतात, त्यांनी वाटेत एकदा तरी उतरून चार पावलं चालावं.

बधिर हात गरम करायला अनेक जण इंजिनाला किंवा सायलेन्सरला हात लावतात. बधिर कातडीला चटका कळत नाही, भाजल्यावर फोड आल्यावरच समजतं. शेकोटीतही हात फार जवळ धरू नयेत. हातमोजे काढून दोन्ही हात काखेत घालून दोन-तीन मिनिटं उभं राहावं. नाहीतर हात सरळ सोडून खांद्यापासून गोल गोल फिरवावेत, वीस-पंचवीस वेळा, म्हणजे रक्त बोटांच्या टोकापर्यंत जातं. मुंग्या येऊन बोटं थोडी दुखायला लागली की समजायचं रक्त आलं. त्यानंतर अंगठा-करंगळीची परीक्षा पुन्हा करायची आणि मगच गाडीला किक मारायची.